घरी एकट्याने जॅझ स्टँडर्ड रेकॉर्ड करतोय; सूर-ताल जागच्या जागी आहेत, पण गाणं जिवंत वाटत नाही

खर्ज (धागाकर्ता)

वर्ष झालं, घरातल्या एका खोलीत जुनी जॅझ स्टँडर्ड्स आजच्या ढंगात ध्वनिमुद्रित करतोय. कीबोर्डवरचा पियानो आणि बास गिटार मी वाजवतो, ड्रम संगणकावर बसवतो, आणि दुसऱ्या शहरात राहणारा एक मित्र त्याच्या घरून सॅक्सोफोनचा ट्रॅक पाठवतो. आतापर्यंत चार गाणी झाली: ऑटम लीव्ह्ज, बॉडी अँड सोल, ऑल द थिंग्ज यू आर आणि हाउ हाय द मून.

ज्यांना जॅझची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टँडर्ड म्हणजे जॅझवाल्यांच्या सामाईक साठ्यातली गाणी. बरीचशी १९२० ते १९५० या काळातल्या ब्रॉडवेच्या संगीतिकांतली किंवा सिनेमांतली. साधारण ३२ बारचा साचा (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा गट), त्याची एक फेरी म्हणजे एक कोरस. आधी मूळ चाल वाजते, मग त्याच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर, एकेक जण फेऱ्या घेत नवं काही सुचेल ते वाजवतो, आणि शेवटी चाल परत येते.

माझी पद्धत अशी: आधी क्लिक (लय दाखवणारी टिकटिक), त्यावर ड्रम, मग बास, मग पियानो, सगळ्यात शेवटी सॅक्स. इमारत पायापासून वर चढवतात तशी. ऑटम लीव्ह्ज मी मिनिटाला ७६ मात्रांच्या संथ लयीत, सोळांशाच्या मात्रांवर झुलणाऱ्या ठेक्यात बसवलंय. जवळजवळ प्रत्येक बारचे कॉर्ड बदललेत. वाजवणं चुकलेलं नाही, आवाज स्वच्छ आहे. पण लागोपाठ तीनदा ऐकलं की चार माणसं चार खोल्यांत बसून वाजवताहेत हे लपत नाही. मी या कामासाठी रोज पहाटेचे दोन तास काढतो आणि ते मला मनापासून आवडतं, म्हणूनच ही गोष्ट फार लागते.

प्रश्न तीन. एक, हा निर्जीवपणा नेमका कुठून येतो? दोन, जुनं गाणं किती बदलावं? तीन, माझ्या मिक्समध्ये बास कधी अंगावर येतो तर कधी गायबच होतो, त्याचं काय करू?

जुनी_तबकडी

खर्ज, पहिल्यांदा मनातून एक काढून टाका की घरात केलंय म्हणून ते उणं आहे. तुम्ही ज्या ऑटम लीव्ह्जवर काम करताय त्याचं बहुतेक जॅझवाल्यांच्या कानात बसलेलं रूप एका घराच्या दिवाणखान्यातच मुद्रित झालंय.

ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचे. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या घरी दिवाणखान्याला लागून त्यांनी नियंत्रणकक्ष करून घेतला होता, मध्ये काच. ब्लू नोट आणि प्रेस्टिज या कंपन्यांच्या १९५० च्या दशकातल्या कितीतरी तबकड्या त्या खोलीत झाल्या. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाची ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ ची ती दोन प्रसिद्ध सत्रं तिथलीच. ९ मार्च १९५८ ला सॅक्सवादक कॅननबॉल ॲडर्लीने तिथेच ऑटम लीव्ह्ज वाजवलं. सोबत माइल्स, पियानोवर हँक जोन्स, बासवर सॅम जोन्स, ड्रमवर आर्ट ब्लेकी. पियानोवादक थेलोनियस मंकने तर एका रचनेला गावाचंच नाव दिलं, हॅकेनसॅक. व्हॅन गेल्डर एंगलवुड क्लिफ्सच्या मोठ्या स्टुडिओत गेले ते १९५९ मध्ये.

तेव्हा घर अडचणीचं नाही. पण त्या दिवाणखान्यात पाच माणसं एकमेकांकडे बघत होती. ब्लेकीचा आवाज माइल्सच्या माइकमध्ये शिरत होता आणि माइल्सचा ब्लेकीच्या कानात. तुमच्या खोलीत तसं काही शिरत नाही.

तिहाई

माइक कुठला वापरताय? मित्राचा सॅक्स फार जवळून घेतलाय का? कंडेन्सर माइक घंटेच्या, म्हणजे सॅक्सच्या पसरट टोकाच्या, तोंडाशी धरला की फुंकरीचा आणि चाव्यांचाच आवाज जास्त येतो. अर्धा-पाऊण मीटर मागे, चाव्यांच्या दिशेने धरून बघायला सांगा. खोली घुमत असेल तर मागे जाड रजई टांगा, नाहीतर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभं राहू दे.

खर्ज (धागाकर्ता)

तबकडीकाका, दिवाणखान्याची गोष्ट माहीत नव्हती. ती तबकडी मी शंभरदा ऐकलीय आणि आज परत ऐकताना पहिल्यांदा खोली ऐकू आली.

तिहाई, मित्र माइक अगदी घंटेत खुपसतो. सांगतो त्याला.

घुमट

ध्वनिमुद्रण हा माझा पेशा आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुम्ही मॉनिटर स्पीकरवर ऐकून मिक्स करताय ना? खोलीची लांबी किती आहे? आणि ऑटम लीव्ह्ज जी मायनरमध्ये आहे का?

खर्ज (धागाकर्ता)

हो, स्पीकरवरच. लांबी साडेतीन मीटर, रुंदी त्याहून थोडी कमी. आणि हो, जी मायनर. कॅननबॉलच्याच पट्टीत. हे तुम्ही कसं ओळखलंत?

घुमट

अंदाज होता, लांबी सांगितलीत तसा पक्का झाला. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या कंपनसंख्येची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते ती कंपनसंख्या खोली स्वतःहून फुगवते. ३४३ भागिले साडेतीनची दुप्पट, म्हणजे ४९ हर्ट्झ. आता बास गिटारची सगळ्यात जाड ई तार ४१.२ हर्ट्झला लागते. त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यावर जी येतो, आणि तो बरोबर ४९ हर्ट्झ. तुमच्या गाण्याचा षड्जच तुमच्या खोलीचा लाडका स्वर आहे.

म्हणून काय होत असणार ते सांगतो. खालचा जी आला की तुम्हाला बास अंगावर येतोय असं वाटतं, तुम्ही इक्वलायझरने तो भाग कापता, आणि मग दुसऱ्याच्या खोलीत किंवा हेडफोनवर गाणं षड्जावर परततं तेव्हा पायाखाली काहीच नसतं. तुमचा बास थेट तारेने संगणकात जातो, म्हणजे ट्रॅकमध्ये दोष नाही. दोष तुम्ही ऐकता त्या जागेत आहे.

खोलीच्या ऐन मध्यभागी बसू नका. या ४९ च्या लाटेचा दाब भिंतींशी सगळ्यात जास्त आणि मध्यावर सगळ्यात कमी असतो, त्यामुळे मागच्या भिंतीला टेकून बसलात तर घुमेल आणि मध्यावर बसलात तर नाहीसा होईल. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर खुर्ची ठेवून सुरुवात करा, मग थोडं पुढेमागे सरकून बघा. बासचा निर्णय मात्र हेडफोनवर पडताळल्याशिवाय घेऊ नका. कोपऱ्यांत जाड शोषक ठेवता आले तर उत्तम. भिंतीवर चिकटवायच्या पातळ फोमचा ४९ हर्ट्झवर काडीचा परिणाम होत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

खर्ज (धागाकर्ता)

घुमट, मी आत्ता बघितलं. ५० हर्ट्झच्या आसपास तब्बल ७ डेसिबल कापले होते. काढले, हेडफोन लावले आणि बास जागेवर आला. खुर्ची आजवर मागच्या भिंतीला चिकटूनच होती. सहा महिने मी माझ्या बोटांवर संशय घेत होतो.

जुनी_तबकडी

काल लिहायचं राहिलं, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचा धागा मला जुन्या लोकांत सापडतोय असं वाटतं.

एकट्याने थर चढवणं तबकडीच्या काळापासून चालू आहे. १९४१ च्या एप्रिलमध्ये जॅझवादक सिडनी बेशे यांनी द शेक ऑफ ॲरबी या गाण्यात क्लॅरिनेट, सोप्रानो सॅक्स, टेनर सॅक्स, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्यं एकट्याने वाजवली. एक तबकडी वाजवायची, सोबत आपण वाजवायचं आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचं. दर फेरीला आधीचा आवाज आणखी धूसर.

मग गिटारवादक लेस पॉल. १९४८ मध्ये त्यांनी लव्हर हे गाणं असंच तबकड्यांवर, गॅरेजमध्ये थर चढवत केलं. पुढे टेप आली. खर्ज, तुमच्या यादीतलं हाउ हाय द मून त्यांनी आणि मेरी फोर्ड यांनी न्यू यॉर्कमधल्या राहत्या घरी मुद्रित केलं, गिटार आणि आवाज मिळून डझनभर थर. १९५१ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे घरी बसून स्टँडर्डला त्या काळचं आधुनिक रूप देणं हे तुमच्या आधी पाऊणशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि तेही त्याच गाण्यावर.

आता माझा मुद्दा. त्यांच्या यंत्रावर नवा थर चढताना जुना पुसून त्यात मिसळला जायचा. चूक झाली की सगळं पहिल्यापासून. आणि पहिला थर शेवटपर्यंत सगळ्यात जास्त घासला जायचा. म्हणून लेस पॉल कमी महत्त्वाचे भाग आधी वाजवायचे आणि मुख्य गोष्ट शेवटी ठेवायचे. क्रम हाच त्यांचा निम्मा विचार होता. आज आपल्याला कुठलाही क्रम फुकट मिळतो, म्हणून कोणी त्याचा विचार करत नाही. तुम्हीही ड्रम पहिले घेता ते सवयीने, कारणाने नाही. माझा अंदाज असा की तुमचं दुखणं तिथे आहे.

उलटा_ठोका

तबकडीकाकांनी बरोबर बोट ठेवलंय. मी ड्रमवाला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रॉकमध्ये ड्रम आधी चालतात, कारण तिथे ड्रम भिंत आहेत. जॅझमध्ये ड्रम हा ऐकणारा माणूस आहे. सॅक्सवाल्याने एक वाक्य अर्धवट सोडलं तर स्नेअरवर (ड्रमच्या संचातल्या छोट्या ड्रमवर) एक हलका ठोका पडतो, तो त्या वाक्याला दिलेला हुंकार असतो. पियानोवाला थांबला की सिम्बल (झांज) उघडतो. तुमच्या क्रमात हुंकार आधी रेकॉर्ड होतो आणि बोलणं नंतर. ज्याला काहीच ऐकू आलेलं नाही तो काय दाद देणार? म्हणून तो सुरक्षित वाजवतो, त्यावर बास सुरक्षित वाजतो, आणि शेवटी येणाऱ्या सॅक्सला तीन मुक्या माणसांसमोर बोलावं लागतं.

उलटं करून पाहा. क्लिक फक्त २ आणि ४ वर ठेवा. त्यावर चाल आणि पियानो एकदम वाजवा, अगदी साधा, भरपूर जागा सोडलेला. हा पियानो म्हणजे परांची, इमारत उभी राहिली की उतरवायची. त्यावर बास. हे मित्राला पाठवा, तो सॅक्स वाजवेल. सॅक्स आला की परांचीचा पियानो पुसा आणि सॅक्स ऐकत ऐकत पुन्हा वाजवा, या वेळी उत्तरं देत. आणि ड्रम सगळ्यात शेवटी. माउसने ठिपके मांडून नाही. पॅड असतील तर पॅडवर, नसतील तर कीबोर्डच्या चाव्यांवर, पण हाताने आणि पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत एका दमात. चार बार वाजवून पुढे चिकटवत गेलात तर परत तेच होईल.

आता स्विंगबद्दल, म्हणजे ठेक्याच्या झोक्याबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये स्विंगचा आकडा ६६ ठेवला की मात्रेचे दोन भाग दोनास एक होतात. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे मधला स्वर ३३३ वर. ते गणित म्हणून ठीक. पण माणसं असं वाजवत नाहीत. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जातं. आणि फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत एक गोष्ट निघाली जी मी रंगमंचावर वर्षानुवर्षं अनुभवलीय: एकल वादकाचे मात्रेवरचे स्वर सिम्बलच्या किंचित मागे पडतात, पण मात्रांमधले स्वर सिम्बलच्या बरोबर येतात. आरामात रेलून वाजवतोय असं आपल्याला वाटतं ते यामुळे. पुष्कळ जण अख्खा ट्रॅक २०-३० मिलिसेकंद मागे ढकलतात. त्याने नुसता उशीर होतो. दर दुसऱ्या स्वराला दोघं भेटतात म्हणून मधलं अंतर गोड लागतं.

वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या विलंबाचंही बघून घ्या. बफर (संगणक एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) २५६ नमुन्यांचा आणि ४८ किलोहर्ट्झ असेल तर एका टप्प्याला सव्वापाच मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन त्याची दुप्पट आणि वर थोडं. तसं तीन मीटरवर उभ्या वादकाचा आवाज यायलाही नऊ मिलिसेकंद लागतातच, तेवढं शरीर सांभाळून घेतं. त्याहून वाढलं की हात घाई करू लागतो. वाजवताना बफर १२८ किंवा खाली, मिक्स करताना वाढवा.

शब्दवेडी

मी गाते, वाजवत नाही. दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते.

खर्ज, तुम्ही म्हणता जवळजवळ प्रत्येक बारचे कॉर्ड बदललेत. बदलण्याआधी चाल कशावर उभी आहे ते पाहिलंत का? ऑटम लीव्ह्ज मुळात फ्रेंच गाणं, जोझेफ कोस्मा यांची चाल, १९४५ ची, शब्द झाक प्रेव्हेर यांचे. इंग्रजी शब्द जॉनी मर्सर यांनी नंतर लिहिले. विषय गळणाऱ्या पानांचा. आता चाल पाहा, तुमच्याच जी मायनरमध्ये. दर वेळी तीन स्वर वर चढतात आणि एका लांब स्वरावर थांबतात. तो लांब स्वर पहिल्यांदा ई फ्लॅट, मग डी, मग सी, मग बी फ्लॅट. चढण प्रत्येक वेळी आहे, पण मुक्काम दर वेळी एक पायरी खाली. आणि खाली जे कॉर्ड आहेत, सी मायनर, बी फ्लॅट मेजर, ए हाफ-डिमिनिश्ड, जी मायनर, त्या प्रत्येकात तो मुक्कामाचा स्वर कॉर्डचा तिसरा स्वर आहे, म्हणजे कॉर्ड हसरा की उदास हे ठरवणारा. म्हणून चालीला इतकं कमी बोलून इतकं सांगता येतं.

तुम्ही खालचे कॉर्ड बदलले की तोच ई फ्लॅट कुठे नववा होतो, कुठे अकरावा. कानाला भारी वाटतं, पण पान गळत नाही. सगळं बदलू नका असं नाही म्हणत मी. त्या चार मुक्कामांपैकी तीन मूळ ठेवा आणि एकच बदला, उदाहरणार्थ शेवटचा. मग ऐकणाऱ्याला घर बदलल्याचं कळेल. सगळीच घरं बदललीत तर तो बदल कशाशी ताडून बघणार?

आणि शब्द पाठ करा, गाणार नसलात तरी. लेस्टर यंगसारखा सॅक्सवादक शब्द माहीत असण्याला फार महत्त्व द्यायचा, कारण श्वास कुठे घ्यायचा ते शब्द सांगतात.

तिहाई

शब्दवेडीताई, चार मुक्काम लगेच वाजवून पाहिले, अंगावर काटा आला. तरी थोडा विरोध नोंदवतो.

चाल जपली तरच स्टँडर्ड असं म्हटलं तर सॅक्सवादक कोलमन हॉकिन्सचं काय करायचं? ११ ऑक्टोबर १९३९ चं त्यांचं बॉडी अँड सोल. सुरुवातीच्या काही बारमध्ये चालीची चाहूल लागते, आणि दोन कोरसचा बाकी सगळा भाग निव्वळ नवी निर्मिती. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढची बीबॉपवाली (१९४० च्या दशकातल्या नव्या जॅझची) पिढी तर आणखी लांब गेली: हाउ हाय द मूनच्या कॉर्डवर नवी चाल बसवली तिचं नाव ऑर्निथॉलॉजी, आय गॉट रिदमच्या कॉर्डवर अँथ्रोपॉलॉजी.

आणि १९६० मध्ये सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेनने माय फेवरिट थिंग्ज घेतलं तेव्हा बरोबर उलटं केलं. चाल ठेवली, पण सोलोसाठी मूळ कॉर्डची मांडणी बाजूला सारून ई मायनर आणि ई मेजरच्या दोन स्थिर पट्ट्यांवर तो वाजवत राहिला, जवळजवळ १४ मिनिटं. आधुनिक करणं म्हणजे कॉर्ड वाढवणं हेच आपण धरून चालतो. त्याने कॉर्ड कमी केले.

शब्दवेडी

मग आपण एकच बोलतोय. हॉकिन्सने चाल सोडली पण कॉर्ड धरले. कोल्ट्रेनने कॉर्ड सोडले पण चाल धरली. खर्ज यांनी कॉर्ड बदलले, लय बदलली, ठेका बदलला आणि चालीलाही मुरक्या दिल्या. कुठेतरी हात धरायला हवा.

नवखा_कान

मी हिंदुस्थानी संगीत ऐकणारा. स्टँडर्ड म्हणजे त्यांची बंदिश असं समजलं तर चालेल का?

जुनी_तबकडी

बऱ्याच अंशी चालेल. ३२ बारचा कोरस हे आवर्तनासारखंच आहे. सगळ्यांच्या मनात ते फिरत असतं, आणि सोलो कितीही लांब गेला तरी कोरसच्या पहिल्या बारला सगळे एकत्र येतात, समेवर यावं तसे. फरक षड्जाचा. आपला षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. जेरोम कर्न यांच्या ऑल द थिंग्ज यू आरमध्ये ३६ बारांत आधारस्वर पाचदा तरी घर बदलतो: ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी, ई आणि परत ए फ्लॅट. बदलत्या घरांतून एक अखंड वाक्य बोलत जाणं हे त्यांचं कौशल्य. कोल्ट्रेनची ती स्थिर पट्टी म्हणूनच तुम्हाला जवळची वाटेल, तिथून ऐकायला सुरुवात करा.

जाता जाता, ऑल द थिंग्ज यू आर १९३९ च्या ज्या संगीतिकेत होतं ती ५९ प्रयोगांत बंद पडली. गाणं मात्र आज जगभर वाजतं.

रात्रपाळी

प्रकाशित करायचा विचार असेल तर हक्कांचं आधीच बघा. मी वकील नाही, पण या वाटेने गेलोय.

अमेरिकेत या जुन्या काळातल्या गाण्याची रचना प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं संरक्षित असते. १ जानेवारी २०२६ ला १९३० ची गाणी तिथे मोकळी झाली, त्यात बॉडी अँड सोल आहे, आय गॉट रिदम आहे. ऑटम लीव्ह्ज आणि ऑल द थिंग्ज यू आर अजून संरक्षित. इतर अनेक देशांत मोजणी निर्मात्याच्या मृत्यूपासून होते. बॉडी अँड सोलचे संगीतकार जॉनी ग्रीन १९८९ मध्ये गेले, त्यामुळे जिथे मृत्यूनंतर ७० वर्षं धरतात तिथे ते गाणं अजून बराच काळ बंद आहे.

संरक्षित गाण्याची स्वतःची ध्वनिफीत काढायला अमेरिकेत अनिवार्य परवाना मिळतो, ठरलेलं मानधन भरलं की रचनाकार नकार देऊ शकत नाही. आपल्या शैलीत बसेल अशी मांडणी करायची मुभा त्यात आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव बदलायचा नाही अशी अट कायद्यातच आहे. हा परवाना फक्त ध्वनीला. वाजवतानाचा व्हिडिओ टाकायचा तर वेगळी परवानगी लागते, आणि बहुतेक जण इथेच अडकतात.

शब्दवेडी

मूळ चाल आणि मूळ स्वभाव. कायद्यालाही तेच सापडलं!

खर्ज (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत येतोय. उशीर झाला कारण ऑटम लीव्ह्ज पूर्ण पुसून नव्याने केलं.

आधी कॉर्ड. ताईंचं ऐकून पहिले तीन मुक्काम मूळ ठेवले. बी फ्लॅटच्या चौथ्या मुक्कामाखाली मात्र जी मायनरऐवजी ई फ्लॅट मेजर ठेवलाय, तोही फक्त दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा गाणं घरी पोचतं, दुसऱ्यांदा दारातच थांबतं. लय ७६ चीच आहे.

परांचीचा पियानो वाजवताना हात बांधून घेतल्यासारखं वाटलं, कारण काही न वाजवण्याची मला सवयच नव्हती. डावा हात जवळजवळ उचललाच नाही. मित्राला पाठवला तर त्याने रात्री अकराला फोन केला आणि विचारलं, या वेळी मला इतकी जागा का दिलीस? त्याने तीन टेक पाठवले, माइक आता पाऊण मीटरवर आहे. पहिल्याच टेकमध्ये दुसऱ्या कोरसच्या मध्यावर तो एक वाक्य अर्ध्यात सोडून साडेतीन मात्रा गप्प बसलाय. आधीच्या सगळ्या ट्रॅकमध्ये तो एकदाही गप्प बसलेला नव्हता. तोच टेक ठेवला.

मग पियानो पुसला आणि पुन्हा वाजवला. त्याच्या त्या गप्प बसण्यापाशी पहिल्यांदा मी धावत जाऊन जागा भरली. ऐकलं आणि लाज वाटली. दुसऱ्यांदा दोनच स्वर ठेवले.

ड्रम सगळ्यात कठीण. माझा हात ड्रमचा नाही. चाव्यांवर दोन बोटांनी राइड (ठेका धरणारी मोठी झांज) आणि डाव्या हाताने स्नेअर, एका दमात पाच मिनिटं. उलटा_ठोका, नऊ दिवस रोज पहाटे तेवढंच केलं. नवव्या दिवशी वाजवता वाजवता आपण चौघं आहोत असं एकदा वाटलं, साधारण आठ बार. त्या आठ बारांत लय एका अंशाने पुढे गेलीय. दुरुस्त करायला हात शिवशिवला, पण केली नाही.

आवाजाची पातळीही यंत्राने दाबून मोठी केलेली नाही. स्ट्रीमिंगवाले सगळ्यांना सारख्याच पातळीवर आणतात, मग दाबून मिळवायचं काय? ड्रमवरच्या ब्रशचा आवाज जितका हळू वाजला तितकाच ठेवलाय.

दुवा वर मूळ धाग्यात जोडलाय. मोकळेपणाने सांगा.

घुमट

हेडफोन, गाडी आणि कामावरचे मोठे स्पीकर, तिन्हीवर ऐकलं. बास तिन्हीकडे आहे. फक्त सॅक्सवरचा प्रतिध्वनी पियानोच्या प्रतिध्वनीपेक्षा मोठ्या खोलीतला वाटतो. दोघांना एकाच रिव्हर्बमध्ये (प्रतिध्वनी देणाऱ्या परिणामात) पाठवा, प्रमाण वेगळं ठेवा. म्हणजे एकाच दिवाणखान्यात बसतील.

नवखा_कान

ई फ्लॅटवर थांबलेलं मला कळलं! कॉर्ड ओळखता येत नाहीत, पण काहीतरी पोचायचं राहिलं एवढं कळलं.

शब्दवेडी

मी त्यावर शब्द गाऊन पाहिले. श्वास बरोबर जागी येतात. चौथ्या मुक्कामाला दुसऱ्या वेळी मलाही थांबावंसं वाटलं.

उलटा_ठोका

तीनदा ऐकलं. पुढे गेलेले आठ बार ३ मिनिटं १० सेकंदांपासून आहेत ना? तिथे सॅक्स वर चढतोय, लय पुढे जाणारच होती. ठेवा तसेच.

एकच गोष्ट. मित्र गप्प बसतो तिथे तुमचा पियानो दोन स्वर वाजवतो ते सुंदर आहे, पण लगेच तुमचा स्नेअरही उत्तर देतो. एकाच शांततेला दोघांनी उत्तर दिलंय. तिथे ड्रमला फक्त राइडवर राहू द्या, बाकी टेक हलवू नका. मूळ वादनातला तो एकच स्नेअरचा ठोका शोधून गप्प करा, आणि पुन्हा एकदा ऐकून मला सांगा तो पुढचा श्वास तुम्हाला ऐकू येतो का. सॅक्सवाला परत वाजवण्याआधी श्वास घेतो, तुमच्या ठोक्याखाली तो झाकला गेलाय.

खर्ज (धागाकर्ता)

केला गप्प. ऐकू येतो.